पुतळा कवीला, छडी भाषेला

दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल शहरात, प्लास द्यु फोरम या चौकात कवी फ्रेदेरिक मिस्त्राल यांचा पुतळा आहे. रुंद काठाची हॅट, हातावर टाकलेला कोट, सोबत काठी. १९०९ साली त्याचं अनावरण झालं तेव्हा ७८ वर्षांचे मिस्त्राल स्वतः समोर उभे होते. 'आता फक्त बॅग हातात द्यायची राहिली,' असं ते पुटपुटल्याचं सांगतात. पुतळा पाहिला की पटतं. स्टेशनवर गाडीची वाट बघत थांबलेले गृहस्थच ते!

पण ज्या प्रोव्हान्साल भाषेसाठी त्यांचा हा मान, तीच भाषा त्या काळात शाळेच्या आवारात तोंडातून निघाली तर पोराला शिक्षा व्हायची. फ्रान्समध्ये प्रादेशिक भाषांच्या पुरस्कर्त्यांचा सत्कार आणि त्या भाषांची गळचेपी या दोन गोष्टी बराच काळ शेजारी शेजारी नांदल्या.

सुरुवात जुनी आहे. १५३९ मध्ये राजा फ्रान्स्वा पहिला याने व्हिलेर-कोत्रे इथून फर्मान काढलं, की न्यायालयाची कागदपत्रं फ्रेंचमध्येच लिहायची. फर्मानाचा रोख प्रामुख्याने लॅटिनवर होता. गावातल्या माणसाने घरात काय बोलावं याच्याशी राजाला देणंघेणं नव्हतं. ते देणंघेणं सुरू झालं फ्रेंच क्रांतीनंतर. १७९४ मध्ये आबे (म्हणजे पाद्री) ग्रेग्वार यांनी क्रांतिकारी संसदेपुढे अहवाल ठेवला. त्याच्या शीर्षकातच बोली नामशेष करण्याची गरज आणि त्याचे मार्ग हा विषय होता. त्यांच्या अंदाजाने किमान ६० लाख लोकांना, विशेषतः खेड्यांत, राष्ट्रभाषा अजिबात येत नव्हती. तितक्याच लोकांना तिच्यात सलग संभाषण जमत नव्हतं. शुद्ध फ्रेंच बोलणारे ३० लाखांच्या वर नव्हते. म्हणजे प्रजासत्ताकाची भाषा बहुतेक प्रजेला परकीच. तरी जबाबदार धरली गेली ती प्रजा. ब्रेटन, बास्क, ऑक्सितान या सगळ्यांवर 'पात्वा', म्हणजे गावंढळ बोली, असा एकच शिक्का बसला. यातल्या ऑक्सितान या दक्षिणेकडच्या भाषेत बाराव्या शतकात त्रुबादूर कवींनी युरोपभर गाजलेली प्रेमकविता लिहिली होती, आणि प्रोव्हान्साल ही तिचीच एक शाखा. ते कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

पुढे शाळांचं जाळं विणलं गेलं. १८८१-८२ च्या ज्यूल फेरी यांच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, ही मोठीच गोष्ट. पण ते फ्रेंचमध्ये. घरची भाषा बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात एखादी वस्तू अडकवायची, वायव्येकडच्या ब्रिटनी या ब्रेटन भाषेच्या प्रांतात बहुधा लाकडी बूट. त्यातून सुटायचं तर दुसऱ्या कुणाला तरी बोलताना पकडून ती त्याच्या गळ्यात घालायची. शाळा सुटताना ज्याच्याकडे ती असेल त्याला शिक्षा. मास्तरांना कान टवकारून बसायची गरजच नाही, पोरंच एकमेकांवर पाळत ठेवणार. ऑक्सितानमध्ये या सगळ्या अनुभवाला 'व्हेर्गोन्या' म्हणतात. म्हणजे लाज.

मिस्त्राल १८३० साली मायान या गावी सधन शेतकऱ्याच्या घरात जन्मले. आव्हिन्यों इथे शिकताना त्यांना शिक्षक भेटले जोझेफ रुमानिय. हे रुमानिय एका माळ्याचे चिरंजीव. आपल्या फ्रेंच कविता आईला कळत नाहीत हे बघून ते प्रोव्हान्सालकडे वळले, अशी आठवण सांगितली जाते. २१ मे १८५४ रोजी सात कवी फॉं-सेग्यून्य इथल्या वाड्यात जमले आणि त्यांनी 'फेलिब्रिज' ही भाषासंस्था काढली. तो दिवस संत एस्तेलचा. एस्तेल म्हणजे तारा, म्हणून संस्थेचं चिन्ह सात टोकांचा तारा. 'फेलिब्र' हा शब्द मिस्त्राल यांनी गावातल्या एका जुन्या धार्मिक पाठातून उचलला. त्याचा नेमका अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, आणि कदाचित म्हणूनच तो सातही जणांना पसंत पडला असावा.

१८५९ मध्ये 'मिरेयो' हे त्यांचं दीर्घकाव्य आलं. लामार्तीनसारख्या ज्येष्ठ कवीने त्याचं तोंड भरून कौतुक केलं. पण माझ्या मते मिस्त्राल यांचं खरं मोठं काम म्हणजे दोन खंडांचा कोश, 'लू त्रेसोर दोउ फेलिब्रिज'. ऑक्सितानच्या साऱ्या बोलींतले शब्द, म्हणी, उच्चारभेद त्यांनी वर्षानुवर्षं वेचले. १९०४ चं साहित्याचं नोबेल त्यांना स्पॅनिश नाटककार होसे एचेगाराय यांच्याबरोबर विभागून मिळालं, तेव्हा मानपत्रात कवितेबरोबर या भाषाशास्त्रीय कामाचाही उल्लेख होता.

बक्षिसाचे पैसे त्यांनी आर्लमधल्या 'म्युझेओन आर्लातेन' या संग्रहालयात घातले. तिथल्या एका दालनात बाळंतिणीला भेटायला आलेल्या बायांचा देखावा आहे. बाळासाठी आणायच्या वस्तू चार: पाव, अंडं, मीठ आणि काडेपेटीतली काडी. पावासारखा चांगला हो, अंड्यासारखा भरलेला, मिठासारखा शहाणा, काडीसारखा सरळ. वस्तूंच्या चिठ्ठ्या मिस्त्राल यांनी स्वतःच्या हाताने प्रोव्हान्सालमध्ये लिहिल्या होत्या.

१९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्वांकारे खुद्द मायानला येऊन त्यांना भेटले. शाळेतली शिक्षा मात्र चालूच होती. वयोवृद्ध, शेतकरी वेशातला, फुटीरपणाची भाषा न करणारा कवी पॅरिसला सोयीचा होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात, जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या पेतां यांच्या राजवटीने तर त्यांच्या नावाचा पुरेपूर वापर करून घेतला. आणि त्याच युद्धकाळात त्यांचा ब्राँझचा पुतळा धातूसाठी वितळवला गेला! आज चौकात आहे तो युद्धानंतर पुन्हा उभारलेला.

१९५१ च्या देक्सोन कायद्याने ब्रेटन, बास्क, कातालान आणि ऑक्सितान या चार भाषांना शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिरकाव मिळाला. १९९२ मध्ये 'प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच' हे वाक्य राज्यघटनेत आलं. प्रादेशिक भाषांच्या युरोपीय सनदेवर फ्रान्सने १९९९ मध्ये सही केली, पण घटना परिषदेने, म्हणजे कायदे राज्यघटनेत बसतात का हे तपासणाऱ्या संस्थेने, हरकत घेतली आणि सनद मंजुरीवाचून राहिली. २००८ मध्ये राज्यघटनेत प्रादेशिक भाषा 'फ्रान्सचा वारसा' ठरल्या. वारसा हा शब्द मला खटकतो. वारसा जपायचा असतो, त्यात भाजीवाल्याशी घासाघीस करायची नसते.

२०२१ मध्ये ब्रिटनीचे खासदार पोल मोलाक यांचा कायदा संसदेत मोठ्या बहुमताने संमत झाला. प्रादेशिक भाषेतूनच सगळे विषय शिकवण्याला त्यात मान्यता होती, आणि जन्मनोंदीत ब्रेटन नावातल्या 'न'वरची नागमोडी रेघ लिहायलाही. घटना परिषदेने नेमकी ही दोन कलमं रद्द केली. निकालाची तारीख २१ मे. संत एस्तेलचा दिवस. त्याच महिन्यात दीर्घ डागडुजीनंतर आर्लचं संग्रहालय पुन्हा उघडलं, आणि महिना संपण्याआधी ब्रिटनीत आणि बास्क भागात हजारो लोक आपापल्या भाषेतले फलक घेऊन रस्त्यावर आले होते.