पोटातलं पाणी उतरणार का, ते लघवी सांगते

खानापूर, चंदगड, निपाणी, हुक्केरी, कुठनंही जलोदराचा, म्हणजे पोटात पाणी साठलेला, पेशंट बेळगावला दाखवायला आणला की ओपीडीबाहेर नातेवाईकांचं बोलणं साधारण एकच असतं, "अण्णा कधीपासनं लघवीच्या गोळ्या खायलेत, तरी पोट उतरंना झालंय बघा." शेजारच्या बाकावरनं लगेच कोणतरी सांगतं, आमच्या मामाला तर त्याच गोळीनं आठवड्यात फरक पडला. आता आजार तोच, गोळी तीच, मग एकाला लागू पडते आणि दुसऱ्याला नाही हे कसं, आणि ते आधी कळतं का? बऱ्यापैकी कळतं, आणि त्याला महागडं स्कॅन लागत नाही, डबीभर लघवी पुरते.

आधी पाणी येतं कुठनं ते बघू. दारू असो, हिपॅटायटिस बी-सी असो, नाहीतर हल्ली घरोघरी ऐकू येणारं फॅटी लिव्हर असो, सिरॉसिस झाला की लिव्हर कडक होतं आणि आतड्याकडनं येणाऱ्या रक्ताची वाट तुंबते. त्यात पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त तिथंच रेंगाळतं आणि किडनीला वाटतं की अंगात रक्तच कमी आहे. मग किडनी रेनिन नावाचं रसायन सोडते, त्यातनं अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं, आणि ह्या हार्मोनचा हुकूम म्हणजे मीठ बाहेर सोडायचं नाही. मीठ अडलं की पाणी अडतं आणि पोटात उतरतं. पोटातल्या एका लिटर पाण्यात साधारण १३० मिलीमोल (लॅबमध्ये सोडियम मोजायचं माप) सोडियम असतं, म्हणजे जवळजवळ साडेसात ग्रॅम मीठ! म्हणून पेशंटचं पिण्याचं पाणी तोडण्यात बहुतेक वेळा काही अर्थ नसतो, रक्तातलं सोडियम १२५ च्या खाली गेलं तरच डॉक्टर पाणी मोजून द्यायला सांगतात. दोषी मीठ आहे, बिचाऱ्या पाण्याला उगाच शिक्षा.

गोळ्या मुख्य दोन, स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड, म्हणजे आपल्याकडं सगळे ज्याला लॅसिक्स म्हणतात ती. लॅसिक्स दणक्यात लघवी करवते म्हणून लोकांचा तिच्यावर जास्त विश्वास, पण सिरॉसिसमध्ये ती एकटी बऱ्याचदा कमी पडते. बेळगावहून कोल्हापूरला जाताना हत्तरगीच्या टोलनाक्यावर गाडी सोडली तरी पुढं कोगनोळीचा नाका आहेच की, तसं किडनीच्या नळीत लॅसिक्स वरच्या टप्प्यावर मीठ सोडून देते आणि खालच्या टप्प्यावर अल्डोस्टेरॉन तेच मीठ परत अडवून आत घेतं. स्पायरोनोलॅक्टोन नेमकं त्या खालच्या नाक्यावर काम करतं. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत स्पायरोनोलॅक्टोन घेतलेल्या १९ पैकी १८ जणांचं पाणी उतरलं, फ्युरोसेमाइड घेतलेल्या २१ पैकी फक्त ११ जणांचं. फक्त स्पायरोनोलॅक्टोनला धीर धरावा लागतो, परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस जातात, आणि आपल्या लोकांना दुसऱ्याच दिवशी पोट सपाट पाहिजे असतं. खरं तर वजन रोज अर्धा किलो उतरलं तरी बास, पायाला सूज असेल तर एक किलोपर्यंत चालतं, त्याच्यापेक्षा घाई केली तर किडनीच बसते.

आता डबीकडं येऊ. अल्डोस्टेरॉन सोडियम राखतं आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीत टाकतं, म्हणजे लघवीत ह्या दोघांपैकी जास्त कोण हे बघितलं की त्या हार्मोनचं अजून किती चालतंय ते कळतं. समजा लॅबच्या कागदावर सोडियम १८ आणि पोटॅशियम ४५ आलं, तर गोळीचा डोस अजून त्याला पुरा पडलेला नाही. तेच सोडियम ९२ आणि पोटॅशियम ४० आलं तर गोळी काम करालीय. सोडियम भागिले पोटॅशियम एकाच्या वर असेल तर दिवसाला ७८ मिलीमोलपेक्षा जास्त सोडियम बाहेर पडतंय असं साधारण दहापैकी नऊ वेळा बरोबर निघतं. ७८ च का, तर दिवसाला पाच ग्रॅम मीठ खाल्लं तर साधारण ८८ मिलीमोल सोडियम पोटात जातं, दहाएक घामातनं वगैरे जातं, उरलेलं लघवीतनं गेलं तर हिशेब बरोबर सुटतो. पूर्वी ह्यासाठी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवायला लागायची, आणि वॉर्डात ती पूर्ण साठवणं म्हणजे काय वैताग असतो ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

मजा पुढं आहे. रिपोर्ट चांगला येतो, सोडियम भरपूर पडतंय, तरी वजन हलत नाही, मग काय? मग ताटात बघायचं. भाकरीबरोबर शेंगाचटणी, कडेला लोणच्याची फोड, तळलेली सांडगी मिरची, पापड, वर मठ्ठा, आणि संध्याकाळी चहाबरोबर बेकरीतली खारी, आणि विचारलं तर "भाजीत मीठ घालतच नाही हो आम्ही." दहा ग्रॅम मीठ म्हणजे १७० मिलीमोल सोडियम, एवढं काढायला कुठली गोळी पुरणार? बरं, सैंधव चालतं म्हणून काहीजण ते घालतात, तेही मीठच. लो सोडियम मीठ तर जास्त धोक्याचं, त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन आधीच पोटॅशियम अंगात अडवत असतं.

दुसरी गोष्ट लोक सांगतच नाहीत, ती म्हणजे गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधनं आणलेली डायक्लोफिनॅक नाहीतर आयबुप्रोफेन. सिरॉसिसमध्ये किडनीचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन नावाच्या अंगातल्याच रसायनाच्या जिवावर टिकून असतो, ह्या गोळ्या तेच बंद करतात, आणि काल लागू पडणारी लघवीची गोळी आज पडत नाही.

मीठ तोडलं, पेनकिलर बंद केली, स्पायरोनोलॅक्टोन ४०० आणि फ्युरोसेमाइड १६० मिलिग्रॅमपर्यंत नेऊन आठवडाभर बघितलं, तरी चार दिवसांत ८०० ग्रॅमसुद्धा वजन उतरत नसेल आणि लघवीतलं सोडियम खाल्लेल्यापेक्षा कमीच असेल, तर त्याला हट्टी जलोदर म्हणायचं. जलोदराच्या साधारण दहातल्या एकाची गाडी इथं पोचते. मग सुई घालून पाणी काढणं, पाच लिटरच्या वर काढलं तर लिटरमागं आठ ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) देणं, जमत असेल तर लिव्हरमधनं तुंबलेल्या रक्ताला वाट करून देणारी टिप्स नावाची नळी किंवा लिव्हर ट्रान्सप्लांट, हा वेगळाच आणि खर्चिक रस्ता. आणि गोळ्या चालू असूनही दिवसाला ३० मिलीमोलसुद्धा सोडियम पडत नसेल तर डॉक्टर गोळ्या बंदच करतात, कारण तेव्हा फायदा काही नसतो, नुसती किडनी खराब व्हायची आणि पेशंट बरळायला लागायची भीती. घरच्यांना वाटतं डॉक्टरनी हात टेकले, पण तसं नसतं, तो निर्णयही लघवीच्याच रिपोर्टवरनं घेतलेला असतो.