‘हर घर जल’ प्रमाणपत्र: ग्रामसभेत ठराव मांडण्याआधी काय तपासायचे?

जल जीवन मिशनचे काम संपले की पोर्टलवर गाव आधी नुसते ‘नोंदवलेले’ दिसते. ‘प्रमाणित’ व्हायला ग्रामसभेचा ठराव लागतो. ठराव झाल्यावर अपुऱ्या कामाचा जाब विचारणे फार जड जाते, त्यामुळे वरून कितीही घाई झाली तरी तपासणी आधी उरकून घ्या.

पात्रता अशी: प्रत्येक घर, शाळा, अंगणवाडी आणि सार्वजनिक इमारतीत नळ, आणि घरोघरी माणशी रोज किमान 55 लिटर पिण्यायोग्य पाणी, तेही नियमित. वाडीवरचे एक घर सुटले तरी गाव बसत नाही. गाव पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर नव्हे, खरोखर चालती हवी: 10 ते 15 सदस्य, त्यात निम्म्या महिला. शिवाय पाणी तपासणी संच वापरायचे प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या 5 महिला.

खरी परीक्षा शेवटच्या नळावर होते. पाच माणसांच्या घराला रोज 275 लिटर लागतात. पाणी तासभरच सुटत असेल, तर 15 लिटरची बादली सव्वातीन मिनिटांत भरायला हवी. जास्त वेळ लागला तर आधी वरच्या गल्लीत कोणी नळाला थेट मोटार लावली आहे का ते पाहा. टोकाची घरे बहुतेक वेळा त्यामुळेच कोरडी राहतात. मग व्हॉल्व्ह तपासा. त्याच नळावर ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी घ्या; थेंब टाकल्यावर क्लोरीन असलेले पाणी पिवळे होते. उरलेले क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवे. पाणी पिवळे झालेच नाही, तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कमी पडतेय किंवा उघड्या पोत्यात राहून त्याचा जोर गेलाय.

पुढचा क्रम सरळ आहे. अभियंता काम पूर्ण झाल्याचा दाखला ग्रामपंचायतीला देतो, तो ग्रामसभेत मोठ्याने वाचायचा, ठराव घ्यायचा आणि सभेचे चित्रीकरण करायचे. गणपूर्ती म्हणून 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतली कमी असेल ती संख्या हजर हवी. दाखला, सही-शिक्क्याचा ठराव आणि चित्रफीत पोर्टलवर चढते. प्रयोगशाळेचा पाणी तपासणी अहवाल, घरनिहाय नळयादी आणि हजेरीपट दप्तरी जपून ठेवा.

एखादी वस्ती कोरडी निघाली तर ठराव तहकूब करा, घरमालकांच्या नावांसह त्रुटी इतिवृत्तात लिहा आणि त्याची नक्कल अभियंत्याला देऊन पोच घ्या.