पंधरा पिनांचं स्टॉपवॉच

विमान उडवण्याच्या खेळांसाठी नव्वदच्या दशकात ज्या जड, धातूच्या तळाच्या जॉयस्टिक निघाल्या, त्यांच्या पोटात फारसं काही नसतं. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतात तसे दोन पोटेन्शिओमीटर, दुकानातल्या भाषेत पॉट, आणि चार बटणं. दांडा हलला की पॉटचा रोध बदलतो, एवढंच. हा रोध संगणकातलं गेम कार्डही मोजत नाही. ते फक्त एक वेळ लावून देतं, आणि घड्याळ बघत बसतो तो बिचारा प्रोसेसर. जुनी जॉयस्टिक जुन्या संगणकाला जोडताना येणारे निम्मे घोटाळे या स्टॉपवॉचमुळे होतात, म्हणून आधी ते समजून घेतलेलं बरं.

आयबीएमने १९८१ साली पीसीसोबत जे गेम कार्ड आणलं, त्यावर ५५८ नावाची चिप होती. तिच्यात चार टायमर, आणि प्रत्येक टायमरला ०.०१ मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग. प्रोग्रामने हेक्स २०१, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत लिहिलेल्या २०१, या पत्त्यावर काहीही लिहिलं की चारही रिकामे कॅपॅसिटर भरू लागतात आणि चार बिट १ होतात. कॅपॅसिटर भरणारा प्रवाह ५ व्होल्टवरून निघतो, जॉयस्टिकच्या पॉटमधून आणि कार्डावरच्या २.२ किलोओहम रेझिस्टरमधून येतो. कॅपॅसिटर पाचाच्या साधारण दोन तृतीयांशावर, म्हणजे सव्वातीन व्होल्टच्या आसपास पोचला की त्या अक्षाचा, म्हणजे दांड्याच्या त्या दिशेच्या हालचालीचा, बिट पुन्हा ० होतो. लागणारा वेळ मायक्रोसेकंदांत २४.२ अधिक ०.०११ गुणिले पॉटचे ओहम. दांडा मधोमध, पॉट ५० किलोओहमवर असेल तर सुमारे ५७४ मायक्रोसेकंद; १०० किलोओहमला ११२४. यात एक गोष्ट फार हुशारीची आहे: भरणारा दाब आणि तुलनेचा दाब दोन्ही त्याच ५ व्होल्टवरून घेतलेले, त्यामुळे जुना पॉवर सप्लाय ४.८ व्होल्टवर उतरला तरी मोजमाप जवळपास तेच येतं.

जोडण्याआधी पोर्ट नीट ओळखा. गेम पोर्ट म्हणजे दोन ओळींचा, ८ आणि ७ छिद्रांचा, १५ पिनांचा मादी कनेक्टर. मॉनिटरचाही १५ पिनांचाच, पण त्याच्या ओळी तीन, तिथे गल्लत होत नाही. गल्लत होते ती जुन्या नेटवर्क कार्डाशी. जाड इथरनेट केबलसाठी त्यावर असलेला एयूआय पोर्ट हुबेहूब असाच दिसतो, आणि त्याच्या १३ व्या पिनेवर १२ व्होल्ट असतात. फरक एवढाच की तिथे स्क्रूऐवजी सरकणारी पत्र्याची कडी असते. ती दिसली की हात मागे घ्या.

आता पिना. १, ८, ९ आणि १५ वर ५ व्होल्ट. ४, ५ आणि १२ ग्राउंड. पहिल्या जॉयस्टिकचे दोन अक्ष ३ आणि ६ वर, बटणं २ आणि ७ वर. दुसऱ्या जॉयस्टिकचे अक्ष ११ आणि १३ वर, बटणं १० आणि १४ वर. पुढे साउंड कार्डांवर हाच पोर्ट मिडीसाठी, म्हणजे वाद्यं संगणकाला जोडण्यासाठीही वापरला जाऊ लागला, तेव्हा १२ आणि १५ या दोन पिना मिडीला दिल्या गेल्या. ऐंशीच्या दशकातली एखादी जॉयस्टिक किंवा दोन जॉयस्टिकची जोडकेबल १५ वरून ५ व्होल्ट किंवा १२ वरून ग्राउंड घेत असेल, तर साउंड कार्डावर ती मुकी राहते किंवा वेडंवाकडं वागते. उपाय सोपा: प्लग उघडा, १५ ची वायर काढून ९ वर सोल्डर करा, १२ ची ५ वर.

संगणकाला हात लावण्याआधी मल्टिमीटर लावा. जॉयस्टिकचा प्लग मोकळा असताना मीटर २०० किलोओहमवर ठेवून एक टोक पिन १ ला, दुसरं ३ ला. दांडा डावीकडून उजवीकडे सावकाश न्या. आकडा थोड्याशा किलोओहमांपासून शंभराच्या आसपास सलग चढत गेला पाहिजे, मधोमध पन्नासच्या जवळपास. मग तेच ६ ला, फक्त दांडा पुढून मागे न्या. मीटर काहीच दाखवत नसेल तर पॉट मेला असं लगेच समजू नका. ८, ९ आणि १५ पासूनही मोजा, कारण ५ व्होल्ट कुठल्या पिनेवरून घ्यायचे ते बनवणाऱ्याने आपापल्या सोयीने ठरवलेलं असतं. काटा असलेला जुना मीटर घरात असेल तर तोच घ्या. डिजिटल आकडे उशिरा बदलतात. मधेच तुटलेल्या पट्टीवर काटा मात्र टुणकन उडी मारतो.

ही उडी म्हणजेच पडद्यावर विमानाचं थरथरणं. तीस वर्षांत कार्बनच्या पट्टीवर धूळ आणि ऑक्साइड बसतो, आणि दांडा बहुतेक वेळ मधोमधच उभा असल्यामुळे पट्टी झिजतेही तिथेच. आधी साफसफाई: तळाचे स्क्रू काढा, पॉटच्या पायांजवळच्या फटीतून इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा, पॉट दांड्याच्या जोडणीतून सोडवून या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे इथे चालत नाही; तो मागे पापुद्रा ठेवतो आणि महिनाभरात धूळ दुपटीने चिकटते.

मधली पट्टी पार गेली असेल तर पॉट बदलावा लागतो, आणि इथे बरेच जण फसतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत अँप्लिफायरसाठीचा १०० किलोओहमचा पॉट सहज मिळतो. पण तो २७० अंश फिरल्यावर शंभर किलोओहम देतो, आणि दांडा त्याला फिरवतो साठेक अंश. म्हणजे हातात पडतात जेमतेम २२ किलोओहम. मूळ पॉट कमी फिरतीचा असेल तर नवा बसवल्यावर जॉयस्टिक अर्धमेली वाटते, आणि दोष सोल्डरिंगला जातो. म्हणून जुना काढण्याआधी दांड्याच्या दोन्ही टोकांना त्याचे किती ओहम होतात ते कागदावर लिहून ठेवा. दुसरी खूण अक्षराची: आपल्याकडे येणाऱ्या आशियाई मालावर ‘बी’ म्हणजे सरळ रेषेत वाढणारा आणि ‘ए’ म्हणजे आवाजासाठीचा लॉग पॉट, जुन्या युरोपीय मालावर मात्र ‘ए’च बहुधा सरळ रेषेचा. अक्षरावर विसंबू नका. बरोबर मध्यावर ५० किलोओहम दाखवणारा घ्या. मधोमधचा आकडा थोडा सरकलेला असेल तर पॉटची नट सैल करून अख्खा पॉट किंचित फिरवा.

ॲपल टूसाठी बनलेली जॉयस्टिक हाती लागली तर तिचे पॉट १५० किलोओहमचे असतात. प्रत्येकाला समांतर ३०० किलोओहम जोडला की टोक १०० वर येतं खरं, पण मध्य ५० ऐवजी ६० वर जातो. शिवाय तिची बटणं ५ व्होल्टला जोडतात, पीसीची ग्राउंडला. एवढा खटाटोप कुणी करावा असं वाटत नाही.

जोडणी नेहमी संगणक बंद ठेवून. पोर्ट एकच असावा: साउंड कार्डावर एक आणि डिस्क नियंत्रकाच्या कार्डावर दुसरा असेल, तर दोघंही २०१ ला ओ देतात आणि वाचन बिघडतं. जंपर, म्हणजे कार्डावरच्या पिना जोडणारा छोटा तुकडा, बदलून एक पोर्ट बंद करा. पायांची पेडल्स सहसा ११ व्या पिनेवर बसतात आणि जॉयस्टिक त्यांच्या मागच्या सॉकेटात जाते. तिथे बाजारातली वाय-केबल, म्हणजे एका पोर्टचे दोन करणारी केबल, वापरू नका. ती दुसऱ्या टोकाला ११ आणि १३ या पिना ३ आणि ६ च्या जागी देते, आणि पहिल्या टोकाला बहुधा फक्त पहिल्या जॉयस्टिकच्या वायरी. मग जॉयस्टिकवरचं थ्रॉटलचं (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचं) चाक किंवा टोपी, म्हणजे अंगठ्याने चारी दिशांना ढकलायची कळ, बंद पडते, कारण तिला १३ ची वायर लागते.

हे झालं की शुद्ध डॉसमध्ये, म्हणजे विंडोज न चालवता, डॉससोबतच येणारा ‘डीबग’ प्रोग्राम उघडा. आधी ‘ओ २०१ ०’, मग ‘आय २०१’ अशा दोन आज्ञा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. तुम्ही दुसरी टाइप करेपर्यंत जोडलेले सगळे कॅपॅसिटर भरलेले असतात, म्हणून जोडलेल्या अक्षाचा बिट ० आणि मोकळ्या अक्षाचा १. फक्त दोन अक्षांची जॉयस्टिक असेल तर उत्तर ‘एफसी’. सोबत पेडल्स असतील तर ‘एफ८’. चारही अक्ष असतील तर ‘एफ०’. ट्रिगर दाबून पुन्हा दोन्ही आज्ञा दिल्या की पहिलं अक्षर ‘एफ’चं ‘ई’ होतं. ‘एफएफ’ आलं तर एक तर कार्डच तिथे नाही, नाही तर ५ व्होल्टची वायर तुटली आहे. कार्डासोबतच्या रंगीबेरंगी तपासणी प्रोग्रामपेक्षा या दोन ओळी जास्त सांगतात.

आता वेगाचं दुखणं. बिट ० होईपर्यंत प्रोग्राम एका लूपमध्ये मोजत राहतो: एक, दोन, तीन. १९८१ चा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा, त्याच्या हिशोबाने ठरवलेली मोजणीची मर्यादा ४८६ किंवा पेंटियमवर कॅपॅसिटर भरण्याआधीच संपते. प्रोग्रामला वाटतं जॉयस्टिक नाहीच, किंवा दांडा टोकाला अडकलाय. संगणकाचा वेग कमी-जास्त करणारं टर्बोचं बटण बंद करणं हा एक उपाय, पण कॅलिब्रेशन, म्हणजे दांड्याचा मध्य आणि टोकं खेळाला दाखवून देणं, ज्या वेगात केलं त्याच वेगात खेळायचं. मधेच टर्बो दाबलं की विमान एका पंखावर कलतं. दुसरा उपाय म्हणजे वेग जुळवायची सोय असलेलं वेगळं गेम कार्ड. त्याच्या मागच्या पट्टीवर छोटी कळ असते, ती बिट १ राहण्याचा वेळ कमी करते. मोजणी चालू असताना मधेच इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला दुसऱ्या कामाची हाक, आला की तेवढा वेळ लूप थांबतो आणि आकडा चुकतो. पॉट स्वच्छ असूनही दांडा अधूनमधून एखादा हिसका देत असेल, तर कारण बहुतेकदा हेच.

टोपीची गोष्ट वेगळी. थ्रस्टमास्टर कंपनीच्या फ्लाइट कंट्रोल सिस्टिम या जॉयस्टिकमध्ये टोपीच्या दर दिशेला वेगळा रेझिस्टर असतो आणि तो १३ व्या पिनेवर अक्ष म्हणून वाचला जातो. सीएच कंपनीच्या फ्लाइटस्टिक प्रोमध्ये १३ वर थ्रॉटलचं चाक आहे, आणि टोपी एकदम अनेक बटणं दाबल्याचं सोंग करते. त्यामुळे सीएचवर एका वेळी एकच बटण ओळखता येतं. खेळात किंवा विंडोज ९५ च्या यादीत चुकीचं नाव निवडलं तर लक्षणं बघण्यासारखी असतात: सीएचवर डावीकडे बघायला टोपी दाबावी तर तोफ सुटते, थ्रस्टमास्टरवर टोपी दाबावी तर इंजिनाचा आवाज पायऱ्या-पायऱ्यांनी बदलतो. जॉयस्टिक खराब नाही, यादीत पुन्हा जा.

थ्रस्टमास्टरचं वेपन्स कंट्रोल सिस्टिम हे थ्रॉटल गेम पोर्टसोबत कीबोर्डच्या पोर्टमध्येही बसतं आणि संगणकाला कळा दाबल्याचे संदेश पाठवतं. त्याला जुना पाच पिनांचा कीबोर्ड द्या. लहान सहा पिनांचा कीबोर्डही साध्या बदल-प्लगने चालतो. संगणक चालू असताना कीबोर्डचा प्लग काढू-घालू नका. कीबोर्डच्या ५ व्होल्टच्या वाटेवर मदरबोर्डवर तांदळाएवढा फ्यूज असतो, तो उडाला की फ्यूज बदलेपर्यंत कीबोर्ड गप्प.

कॅलिब्रेशन संगणक सुरू केल्यावर लगेच करू नका. कार्डावरचे स्वस्त सिरॅमिक कॅपॅसिटर गरम होतात तशी त्यांची क्षमता सरकते, आणि मध्यही सरकतो. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, ट्रिमची, म्हणजे मध्य किंचित सरकवायची, दोन्ही चाकं मधोमध आणा, मग दांडा चारी कोपऱ्यांत नेऊन सोडा.

विंडोज व्हिस्टापासून गेम पोर्टचा आधारच काढून टाकला गेला, त्यामुळे पुढच्या संगणकासाठी यूएसबीचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड लावण्याकडे लोक वळतात. हा बोर्ड वेळ नाही, व्होल्टेज वाचतो. पॉटचे दोनच पाय वापरून खाली १०० किलोओहम जोडला तर ५ ते २.५ व्होल्ट एवढीच रेंज मिळते, आणि मध्य ३.७५ ऐवजी ३.३३ वर पडतो. पॉटचा मोकळा तिसरा पाय ग्राउंडला जोडला की शून्य ते पाच सरळ रेषेत मिळतात. मात्र त्या वायरीवर एक छोटा स्विच ठेवा. ती तशीच जोडलेली ठेवून जॉयस्टिक पुन्हा जुन्या पीसीला लावली, तर दांड्याच्या दोन तृतीयांश हालचालीत कॅपॅसिटरला सव्वातीन व्होल्ट गाठताच येत नाहीत, आणि बिट १ वरच बसून राहतो.