अमेरिकेतील फ्लाइंग स्कूल निवडताना: विमानतळाची ‘मिनिमम स्टँडर्ड्स’ कशी वाचावीत
(आमच्या मार्गदर्शन केंद्रात येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी माहितीपत्रक)

व्यावसायिक वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेतील फ्लाइंग स्कूलची चौकशी करणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न शुल्काचा असतो, दुसरा हवामानाचा आणि तिसरा बहुधा शाकाहारी जेवणाचा. ते स्कूल ज्या विमानतळावर चालते त्या विमानतळाने त्याला कोणत्या अटी घातल्या आहेत, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. हे पत्रक त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे.

आपल्याकडे फ्लाइंग स्कूल म्हटले की डीजीसीएची (भारताच्या नागरी विमानचालन महासंचालनालयाची) मान्यता पाहिली जाते. अमेरिकेत प्रशिक्षक, विमाने आणि परवाने यांवर एफएएचे, म्हणजे तेथील संघीय विमानचालन प्रशासनाचे, नियंत्रण असते. परंतु विमानतळाची जमीन, हँगर (विमाने ठेवण्याच्या शेड) आणि विमाने उभी करण्याची जागा बहुतेक ठिकाणी शहराच्या, कौंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) किंवा स्वतंत्र विमानतळ प्राधिकरणाच्या मालकीची असते. इंधन विकणारा, विमान दुरुस्त करणारा, विमान भाड्याने देणारा किंवा उड्डाण शिकवणारा अशा प्रत्येक व्यावसायिकाने तेथे काम सुरू करण्यापूर्वी किमान काय पूर्ण केले पाहिजे, हे ही मालक संस्था लेखी ठरवते. या दस्तऐवजाला ‘मिनिमम स्टँडर्ड्स’ म्हणतात. एफएएने ऑगस्ट २००६ च्या परिपत्रकात अशा अटी ठरवण्याची जोरदार शिफारस केली आहे, सक्ती केलेली नाही. त्यामुळे एखाद्या लहान विमानतळाकडे असा दस्तऐवज नसेल, तर तेवढ्यावरून तेथील स्कूल वाईट ठरत नाही.

या दस्तऐवजातील उड्डाण प्रशिक्षणाच्या प्रकरणात सामान्यतः कार्यालय व वर्गखोलीची जागा, स्वच्छतागृहे, वाहनतळ, स्वतःच्या मालकीची किंवा भाडेकराराने घेतलेली विमाने, पात्र प्रशिक्षकांची संख्या, कामकाजाच्या वेळा आणि विमा यांचा उल्लेख असतो. आकडे विमानतळागणिक बदलतात. यांतील विम्याचे कलम आम्ही सर्वांत आधी वाचतो, कारण विमानतळ तेथे प्रामुख्याने स्वतःचे संरक्षण पाहत असतो, विद्यार्थ्याचे नव्हे. लहान विमानांच्या पॉलिसीत एकूण मर्यादा दहा लाख डॉलर लिहिलेली असूनही प्रत्येक प्रवाशामागे एक लाख डॉलरचीच उपमर्यादा असणे तिकडे नेहमीचे आहे. शिवाय विद्यार्थी एकटा उडत असताना विमानाचे नुकसान झाल्यास ते कोणाकडून वसूल होणार, हे स्कूलच्या करारात वेगळेच लिहिलेले असू शकते. त्यासाठी विमान भाड्याने घेणाऱ्याचा स्वतंत्र विमा मिळतो. तो घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंधनविक्रेत्यासाठीच्या अटी विद्यार्थ्याला दूरच्या वाटतात, पण त्यांचा संबंध रोज सकाळी येतो. शिकाऊ विमानांच्या पिस्टन इंजिनाला लागणारे ‘१००एलएल’ पेट्रोल निळसर असते, तर जेट इंधन जवळजवळ रंगहीन किंवा फिकट पिवळे असते. उड्डाणापूर्वी विद्यार्थी पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक पेल्यात थोडे इंधन काढतो, उजेडात धरून रंग पाहतो आणि तळाशी पाण्याचा थेंब बसला आहे का ते तपासतो. टाक्या, टँकर, भरणाऱ्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि स्थिर विद्युतची ठिणगी टाळण्यासाठी जोडायची तार यांविषयीच्या अटी काटेकोर असतील, तर या तपासणीत काही गडबड आढळण्याची शक्यता कमी होते.

आता या अटींची दुसरी बाजू. आधीपासून बसलेल्या दुकानदाराला शेजारी नवे दुकान नको असते, हे तुळशीबागेत खरेदी करणाऱ्याला सांगावे लागत नाही. विमानतळही त्याला अपवाद नाहीत. म्हणून संघराज्याचे अनुदान घेणाऱ्या विमानतळाला एखाद्या व्यवसायाचा एकाधिकार कोणा एकाला देता येत नाही. या बंदीचे मूळ १९३८ च्या नागरी विमानचालन कायद्यात आहे. अटी वाजवी, त्या व्यवसायाशी संबंधित आणि सर्वांना सारख्या लागू असाव्या लागतात. त्यामुळे ‘या विमानतळावर शिकवण्याचा अधिकार फक्त आम्हालाच आहे’, असे कोणी जाहिरातीत म्हणत असेल, तर त्याला खुलासा जरूर विचारावा.

मात्र या दस्तऐवजावरून प्रशिक्षणाचा दर्जा कळत नाही आणि आगाऊ भरलेल्या पैशांची हमीही मिळत नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये हेलिकॉप्टर प्रशिक्षणाची अनेक राज्यांत पसरलेली एक मोठी अमेरिकन संस्था अचानक बंद पडली आणि कर्ज काढून पूर्ण शुल्क भरलेले विद्यार्थी अर्ध्यावर राहिले. शुल्क टप्प्याटप्प्याने भरण्याची मुभा न देणाऱ्या स्कूलची शिफारस आम्ही करत नाही.

हा दस्तऐवज सहसा शहराच्या किंवा कौंटीच्या संकेतस्थळावर विमानतळ विभागात सापडतो. न सापडल्यास विमानतळ व्यवस्थापकाला ईमेल करून मागता येतो. त्याच ईमेलमध्ये, संबंधित स्कूलचा विमानतळाशी चालू करार आहे का आणि तो स्वतःच्या नावावर आहे की ते कोणाचे पोटभाडेकरू आहे, हेही विचारावे. स्कूलला एफएएच्या ‘भाग १४१’ (मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांसाठीचे नियम) खालील प्रमाणपत्र आहे का, ही चौकशी वेगळी करावी, कारण केवळ ‘भाग ६१’ (संस्थेच्या अशा प्रमाणपत्राशिवाय शिकवण्याचे नियम) खाली शिकवणाऱ्या स्कूलकडून विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा ‘आय-२०’ हा प्रवेशाचा दाखला मिळत नाही.

आमच्याकडे येताना स्कूलचे लेखी दरपत्रक, प्रवेशकराराचा मसुदा, विमा प्रमाणपत्राची प्रत आणि विमानतळाचे आलेले उत्तर सोबत आणावे. उत्तर आले नसेल, तर पाठवलेल्या ईमेलची प्रत आणावी. पुढचे स्मरणपत्र आम्ही आपल्यासमोर बसून लिहून देऊ.