स्थायी समितीपर्यंत तक्रार न्यायची कशी? बेळगावकरांसाठी अर्ज, कागदपत्रं आणि जिथं अडतं त्या सगळ्या जागा

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी रस्त्यावरच्या बंद दिव्यासाठी तीनदा अर्ज दिला आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आल्या. पहिल्यांदा म्हणे हे आमच्याकडं येत नाही, दुसऱ्यांदा कन्नडमधून लिहून आणा, तिसऱ्यांदा विचारलं आधीच्या अर्जाची पोच कुठाय. पोच त्यांनी घेतलीच नव्हती, कारण ती मागून घ्यायची असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पासष्टी ओलांडलेली बाई, गुडघे दुखायलेत, रिक्षाचे पैसे तीनदा गेले आणि दिवा काही लागला नाही. अशी माणसं सारखी भेटतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. लांब झालंय, पण अर्ज द्यायच्या आधी वाचा, एक तरी फेरी वाचेल.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी. लोक अर्जावर "सुरक्षा समिती, महानगरपालिका" असं लिहून मोकळे होतात. या नावाची समितीच नाही ओ. कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ प्रमाणे चार स्थायी समित्या असतात: अर्थ, कर आणि अपील, मग आरोग्य, शिक्षण आणि सामाजिक न्याय, मग नगररचना आणि सुधारणा, आणि चौथी लेखा. प्रत्येकीत ७ नगरसेवक, मुदत १ वर्ष. आपल्या रोजच्या सुरक्षिततेचे विषय या चौघींत वाटले गेलेत. मोकाट कुत्री, तुंबलेलं गटार, डास, कचरा यासाठी आरोग्य. रस्त्यावरचं धोक्याचं बांधकाम, फूटपाथ, रस्ता असलं काही असेल तर नगररचना. नवीन दिव्यांना किंवा नव्या गटाराला पैसे पाहिजेत तर अर्थ समिती. आणि कागदावर काम पूर्ण, बिल निघालेलं, पण जागेवर काहीच नाही, तर ते लेखा समितीपुढं जायला हवं. हे शेवटचं लोकांच्या डोक्यातच येत नाही, खरं तर तिथंच चांगले प्रश्न विचारता येतात.

दुसरी गोष्ट, समिती म्हणजे तक्रार खिडकी नव्हे. समिती दिवा लावत नाही, कुत्रं पकडत नाही. हे काम आयुक्तांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांचं, समितीनं त्यांना बोलवून विचारायचं की काम का झालं नाही, पैसा कुठं गेला, कधी करणार. म्हणजे तुम्ही आधी अधिकाऱ्याकडं तक्रार दिलेली पाहिजे आणि ती दिल्याचा पुरावा हातात पाहिजे, तरच समितीला विचारायला काहीतरी मिळतं. थेट समितीला लिहिलं की कागद फिरून परत त्याच अधिकाऱ्याकडं येतो आणि महिना त्यातच जातो.

आता हे बघा, कुठल्या गोष्टी महापालिकेच्या नाहीतच, कारण निम्मे अर्ज इथंच मरतात. पोलीस महापालिकेचे नाहीत, शहराचे पोलीस आयुक्त राज्याच्या गृह खात्याखाली येतात, त्यामुळं रात्रीची गस्त वाढवा, चोऱ्या थांबवा असला अर्ज स्थायी समितीला देऊन उपयोग नाही, तो पोलीस स्टेशनला द्या. अग्निशामक दलही राज्याचं. वीज हेस्कॉमची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या कंपनीची, लोंबणारी तार, ठिणग्या, वाकलेला खांब यासाठी त्यांचा फोन नंबर १९१२. पण खांबावरचा दिवा महापालिकेचा, आणि इथं लोकांची फार ओढाताण होते, महापालिका म्हणते हेस्कॉम आणि हेस्कॉम म्हणतं महापालिका. यावर उपाय एकच, अर्जात दिवा आणि तार एकत्र लिहू नका, दोन वेगळे कागद करा आणि दोन्हींवर खांबाचा नंबर घाला. खांबावर रंगानं लिहिलेला असतो, पुसला असेल तर जवळच्या घराचा आरआर नंबर, म्हणजे वीज जोडणीचा नंबर, लिहा, तो लाईट बिलावर वरच असतो.

हद्दीचंही तसंच. कॅम्पात राहणाऱ्यांनी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडं जायचं, महापालिकेकडं नाही. शहराला चिकटलेल्या गावांत तर रस्त्याची एक बाजू महापालिकेची आणि समोरची ग्रामपंचायतीची असं असतं. घरपट्टीची पावती कुणाच्या नावानं फाटते ते बघा, तेच तुमचं ऑफिस. एवढं घरीच बघून निघालात तर एक खेप वाचते.

अर्ज कोण करू शकतं? त्या भागात राहणारा कुणीही. भाडेकरूसुद्धा. हे मुद्दाम लिहितोय कारण टेबलावरचा माणूस घरपट्टीची पावती मागतो, भाडेकरूकडं ती असत नाही, मालक देत नाही, आणि बिचारा परत जातो. रस्त्यावरचा दिवा, सार्वजनिक गटार, धोकादायक इमारत यांचं काम त्याच १९७६ च्या कायद्याच्या कलम ५८ मध्ये महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत येतं. म्हणजे मर्जी असली तर करायचं असं हे काम नाही, करायलाच पाहिजे. तुम्ही मालकी सांगायला गेलेला नाही, रस्त्यावरचा धोका सांगायला गेलाय. पावती मागितली तर शांतपणे एवढंच म्हणा आणि राहत्या पत्त्याचा कुठलाही पुरावा जोडा, लाईट बिल, रेशन कार्ड, आधारची झेरॉक्स, एक बास. भांडू नका, भांडलं की तो दिवस गेला.

अर्जात काय असावं हे थोडक्यात: नाव, पत्ता, फोन, वॉर्ड नंबर (आपल्याकडं ५८ वॉर्ड आहेत, जुना नंबर लिहू नका, हद्दी बदलल्यात), नेमकी जागा, कधीपासून, आणि दोन फोटो. फोटोत तारीख आणि ठिकाण उमटेल असं कॅमेरा ॲप फुकट मिळतं, पोरांना सांगा टाकून द्यायला. पन्नास सह्या गोळा करत बसण्यापेक्षा पाच शेजाऱ्यांची नावं, पत्ते आणि सह्या स्वच्छ अक्षरात असल्या तर जास्त चालतात.

भाषेचं बोलूया, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त मनस्ताप याचाच आहे. संविधानाचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं मांडायचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. मराठीत दिलेला तक्रार अर्ज नाकारणं हे त्या कलमाला धरून नाही. पण अर्ज वाचणारा माणूस कदाचित गदग नाही तर हावेरीकडून बदलून आलेला असतो, त्याला मराठी येत नसेल, आणि कागद वाचला गेला नाही तर दोष कुणाचाही असो, अंधार आपल्याच गल्लीत राहतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, मराठीत अर्ज लिहा, तो तुमचा हक्क आहे आणि तो सोडू नका, पण खाली पाच ओळींत कन्नड सारांश जोडा. शाळेत शिकणारी आपली पोरं कन्नड लिहितात, त्यांच्याकडून करून घ्या. अगदी झेरॉक्सच्या दुकानातही लिहून देणारं कुणीतरी भेटतं.

माहिती अधिकाराच्या अर्जाला मात्र हा नियम लागत नाही, आणि इथं आपली भली भली माणसं फसलेली बघितलीत. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असं लिहिलंय. इथली राजभाषा कन्नड. म्हणजे मराठीत केलेला माहिती अर्ज परत आला तर त्यावर वाद घालता येत नाही. हिंदीत लिहा, देवनागरी असल्यामुळं आपल्याला सोपं पडतं. शिवाय कर्नाटकाच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा असं आहे. लोक तीन पानं भरून गाऱ्हाणं लिहितात, कुत्री, गटार, दिवे, नगरसेवकाची वागणूक सगळं एकात, आणि मग अर्ज फेटाळला म्हणून हळहळतात. फी १० रुपये. काय मागायचं ते नेमकं मागा: अमुक वॉर्डातल्या दिव्यांच्या देखभालीचा ठेका कुणाला, अमुक वर्षात किती रक्कम दिली, अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर काय कारवाई झाली. "का केलं नाही" असं विचारू नका. माहितीच्या कायद्यात कागद मिळतात, कारणमीमांसा मिळत नाही.

मुदत लोक हमखास चुकवतात. माहिती अर्जाच्या उत्तराला ३० दिवस, ते अर्ज ऑफिसात पोहोचल्यापासून मोजायचे, तुम्ही लिहिल्यापासून नाही. उत्तर नाही आलं की पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत. पण लोक काय करतात, देतील देतील म्हणून चार महिने वाट बघतात आणि मग अपील उशिरा म्हणून बाजूला पडतं. अर्ज दिला त्याच दिवशी कॅलेंडरवर दोन तारखा मांडून ठेवा. आमच्या घरात दूधवाल्याच्या हिशोबाशेजारीच लिहिलेल्या असतात.

दुसरी मुदत म्हणजे बजेटची, ही तर कुणी मोजतच नाही. बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर-वडगावच्या बाजूला चढलं की जुलैत सगळे नवीन गटार मागायला धावतात. पण आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू झालेलं असतं, पैसे वाटून झालेले असतात, जुलैत मिळेल ती फक्त गाळ काढायची मजुरी. नवीन बांधकाम, नवीन दिवे, नवीन जाळी, असलं काही पाहिजे असेल तर अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरात अर्थ समितीच्या नावानं द्या. पाऊस नसताना पावसाचं मागायचं म्हणजे लोकांना विचित्र वाटतं, पण तीच वेळ आहे.

कुत्र्यांबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. "आमच्या गल्लीतली कुत्री घेऊन जावा" असा अर्ज टिकत नाही, कारण २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे गल्लीतलं कुत्रं नसबंदी आणि लसीकरण करून जिथून नेलं तिथंच सोडायचं असतं. शाळा, दवाखाने, बसस्टँड यांच्या आवाराबाबत सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळा आदेश दिलाय, तिथली कुत्री परत तिथं सोडायची नाहीत. म्हणून अर्जात जागा स्पष्ट लिहा, आणि गल्लीचं असेल तर नसबंदी आणि रेबीजची लस मागा, मग नकार द्यायला जागा उरत नाही. कुणाला चावलं असेल तर दवाखान्याची चिठ्ठी जोडा, समितीत नगरसेवकाच्या हातात तो कागद असला की अधिकाऱ्याला उडवाउडवी करता येत नाही. अर्थात आधी जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात लस घ्या, कागद नंतर.

पडायला आलेली घरं ही सगळ्यात नाजूक बाब. जुन्या गल्ल्यांत मातीच्या भिंतींचे वाडे, वारस दहा, त्यातले निम्मे पुण्या-मुंबईला, कोर्टात केस, आणि आत एखादी म्हातारी भाडेकरू. २०१९ च्या ऑगस्टच्या पावसात किती घरं पडली ते आपण बघितलंय, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात आपल्याच तालुक्यात बडाल अंकलगीला घर कोसळून एका वेळी ७ जण गेले. अशा घराबद्दल शेजाऱ्यानं अर्ज दिला की त्याला विचारतात मालकाचा उतारा आणा. शेजाऱ्याकडं दुसऱ्याचा उतारा कुठून असणार? नसला तरी अर्ज द्या, धोका दिसतोय एवढं सांगायला मालकी लागत नाही. फक्त सिटी सर्व्हे ऑफिसातून त्या जागेचा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर काढून अर्जात लिहिता आला तर बघा, नोटीस कुणाला काढायची हा प्रश्न त्यानं सुटतो आणि ढकलाढकल थांबते. शेजाऱ्याशी वैर येईल म्हणून लोक गप्प बसतात, मला ते कळतं, पण मग गल्लीतल्या पंचांनी मिळून सही करावी, एकट्यावर येऊ देऊ नये.

आता समितीपर्यंतची वाट. अधिकाऱ्याकडचा अर्ज दोन प्रतीत न्या, एक त्यांना, दुसऱ्यावर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. ही पोच. शिक्का मारायला टाळाटाळ केली तर स्पीड पोस्टानं पाठवा, पोस्टाची पावती पोचेसारखीच सांभाळा. महिनाभरात काही झालं नाही की समितीच्या अध्यक्षांच्या नावानं अर्ज, मार्फत कौन्सिल सेक्रेटरी (सभा-समित्यांचं कामकाज बघणारा अधिकारी), सोबत पोचेची झेरॉक्स, आणि त्याची एक प्रत तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला. विषय समितीत मांडतो नगरसेवक, म्हणून त्याच्याकडून सेक्रेटरीला एक पत्र घ्याच. तुमचा नगरसेवक त्या समितीच्या सातांत नसेल तर सातांतल्या जवळच्या वॉर्डाच्या माणसाला भेटा, मत कुणाला दिलं ते त्या वेळी मध्ये आणू नका.

समितीची मुदत एकच वर्ष, हे परत सांगतो, कारण नवीन समिती आली की जुन्या समितीपुढचा तुमचा कागद कुणी उघडून बघत नाही. नव्या अध्यक्षांच्या नावानं, जुना आवक नंबर लिहून, परत द्या. आणि समितीच अस्तित्वात नसेल तर? ते आपण अनुभवलंय, सप्टेंबर २०२१ ला मतदान झालं आणि महापौर बसायला फेब्रुवारी २०२३ उजाडलं, मधल्या काळात निवडून आलेले नगरसेवक होते पण समित्या नव्हत्या. अशा वेळी अर्ज आयुक्तांना द्या, राज्याच्या १९०२ नंबरवर तक्रार नोंदवा आणि तो नोंदणी नंबर अर्जावर लिहा.

आणि भिंत आत्ताच कललीय, तार तुटून पाण्यात पडलीय, असलं काही असेल तर यातलं काहीच करू नका, आधी ११२ ला फोन करा, तारेसाठी १९१२, आतल्या माणसांना बाहेर काढा, पोरांना तिकडं फिरकू देऊ नका. फोन केल्याची वेळ कुठंतरी लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी अर्जात तीच पहिली ओळ येईल.