खिडक्या-दारांच्या ऊर्जा सर्टिफिकेशनचं अ‍ॅक्रेडिटेशन

खिडकीतनं किंवा दारातनं किती उष्णता आत-बाहेर जाते हे मोजून त्या मालावर आकड्यांचं लेबल लावायला परवानगी देणारी एक संस्था असते, आणि ती संस्था स्वतः काम नीट करते का हे तिसऱ्याच कुणीतरी तपासून तिला मान्यता देणं म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशन. कागदोपत्री अधिस्वीकृती म्हणतात, पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, हा शब्द उच्चारून बघा, कुणी मान वर करून बघणार नाही. लोक सर्टिफिकेशन आणि अ‍ॅक्रेडिटेशन एकच धरतात. तसं नाही. सर्टिफिकेट मिळतं खिडकीला, अ‍ॅक्रेडिटेशन मिळतं सर्टिफिकेट देणाऱ्याला.

कोल्हापूरकराला खरं तर हे नवीन नाही. गुजरीत साज घेतला तर हॉलमार्क सराफ स्वतः मारत नाही, बीआयएसनं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोनं, मान्यता दिलेलं सेंटर मारतं, आणि जुलै 2021 पासून त्यासोबत एचयूआयडी हा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख नंबर आला. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतनं कास्टिंग निघालं की पार्टीचा पहिला प्रश्न, रिपोर्ट एनएबीएल लॅबचा, म्हणजे एनएबीएल या संस्थेनं मान्यता दिलेल्या लॅबचा, हाय का? खिडकीचंही अगदी तेच, फक्त खिडकीवाल्याला हा प्रश्न अजून कुणी विचारत नाही.

मोजतात काय ते आधी. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एक डिग्रीचा फरक असताना एक चौरस मीटरमधनं किती वॉट उष्णता जाते, जितकी कमी तितकी चांगली. साध्या 6 मिमी सिंगल काचेची 5.7 च्या आसपास, दोन काचा मध्ये 12 मिमी हवा असली की 2.8 च्या आसपास. एसएचजीसी म्हणजे उन्हाची किती उष्णता आत शिरते, 0 ते 1 मधला आकडा, आणि पश्चिमेच्या बाल्कनीला एप्रिलमध्ये खरा त्रास देतो तो हाच. त्याखेरीज उजेड किती येतो आणि बंद खिडकीच्या फटीतनं हवा किती गळते हेही मोजतात. यू-व्हॅल्यू मोजायला हॉट बॉक्स लागतो: एक गरम खोली, एक थंड, मधल्या भिंतीत खिडकी बसवायची, आणि गरम बाजूचं तापमान टिकवायला हीटर किती वॉट खातो ते बघायचं. आयएसओ 12567-1 या आंतरराष्ट्रीय मानकात नमुन्याचं मापसुद्धा सुचवलंय, 1.23 बाय 1.48 मीटर. प्रत्येक साइज असा तपासणं परवडत नाही, त्यामुळं बाकीचं सॉफ्टवेअरवर काढतात.

याची सगळ्यात माहितीतली व्यवस्था अमेरिकेतली, नॅशनल फेनेस्ट्रेशन रेटिंग कौन्सिल, 1989 ची (फेनेस्ट्रेशन म्हणजे खिडक्या-दारं). त्याआधी तिथं प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीचा आकडा सांगायची, कुणी फक्त काचेच्या मधोमधचा, कुणी अख्ख्या खिडकीचा, त्यामुळं दोन खिडक्यांची तुलनाच व्हायची नाही. कौन्सिलनं आकडा फ्रेमसकट अख्ख्या खिडकीचा धरला. पुढं 1992 च्या ऊर्जा कायद्यात खिडक्यांच्या राष्ट्रीय रेटिंगचा उल्लेख आला आणि आता तिथलं एनर्जी स्टार हे ऊर्जा-बचतीचं लेबलसुद्धा याच आकड्यांवर चालतं.

साखळी अशी. लॅबला लागू आयएसओ/आयईसी 17025 हे मानक, सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला 17065, आणि या दोघांना मान्यता देणाऱ्याला 17011. आपल्याकडं लॅबचं काम एनएबीएल बघतं, सर्टिफिकेशनवाल्यांचं एनएबीसीबी, दोन्ही क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्राखाली. मग एनएबीसीबीला कोण तपासतं? दुसऱ्या देशांतल्या तशाच संस्थांचे लोक येऊन तपासतात, म्हणून तर इथली मान्यता बाहेर चालते.

17065 चा जीव निष्पक्षपणात आहे. ज्यानं खिडकीची तपासणी केली त्यानंच सर्टिफिकेट द्यायचा निर्णय घ्यायचा नाही, तो दुसऱ्या माणसानं घ्यायचा. ज्या कंपनीला सर्टिफिकेट द्यायचं तिला पैसे घेऊन सल्ला द्यायचा नाही, म्हणजे क्लासवाल्यानंच बोर्डाचा पेपर तपासायचा नाही असला प्रकार. तक्रार आली तर ती कशी हाताळली याची नोंद पाहिजे, लेबलचा गैरवापर झाला तर सर्टिफिकेट थांबवायची किंवा काढून घ्यायची सोय पाहिजे, चुकलं तर भरपाईची तरतूदसुद्धा पाहिजे. अ‍ॅक्रेडिटेशनला आलेले असेसर फाइली तर बघतातच, पण संस्थेचा माणूस कारखान्यात ऑडिट करताना त्याच्या मागं उभं राहूनही बघतात. माझ्या मते खरी परीक्षा ही, कारण फाइल एका रात्रीत तयार होते, कारखान्यात कुठल्या गॅस्केटला, म्हणजे फट बुजवणाऱ्या रबरी पट्टीला, हात लावायचा ते एका रात्रीत शिकता येत नाही.

भारतात ईसीबीसी 2017 या मोठ्या व्यापारी इमारतींच्या ऊर्जा-बचत कोडमध्ये यू-व्हॅल्यू फ्रेमसकट, आयएसओ 15099 प्रमाणे, मान्यताप्राप्त स्वतंत्र लॅबकडनं काढायची असं लिहिलंय, रेटिंग नसेल तर कोडच्या तक्त्यातला ठरीव आकडा घ्यायचा. घरांसाठी 2018 ची इको निवास संहिता आहे, तिच्यात भिंती-खिडक्या मिळून आत येणाऱ्या उष्णतेला प्रति चौरस मीटर 15 वॉटची मर्यादा आहे.

गेल्या वर्षी घराच्या खिडक्या बदलायच्या होत्या तेव्हा एका फॅब्रिकेटरनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवला, वर एनएबीएलचं चिन्ह, टीसीनं सुरू होणारा नंबर, यू-व्हॅल्यू 2.8, मी खूश. मग नमुन्याची ओळ वाचली तर तपासलेली नुसती काच, फ्रेम नाहीच! आणि मला बसणार होतं साधं अ‍ॅल्युमिनियम सेक्शन, जे यूपीव्हीसी या खिडक्यांच्या कडक प्लास्टिकच्या साधारण हजार पट उष्णता वाहून नेतं, म्हणजे अख्ख्या खिडकीचा आकडा साडेतीनच्या वर सहज. फोन केला तर म्हणाला, "दादा, काच तीच बसवतोय की, मग काय अडलं?" खोटं काहीच नव्हतं, रिपोर्ट खरा, लॅब खरी. नव्हती ती फक्त अख्ख्या खिडकीचं सर्टिफिकेट देणारी मधली कडी. लॅबनं तिच्याकडं आणून दिलेला तुकडा तपासला, माझ्या भिंतीत काय बसणार हे बघायचं काम तिचं नव्हतंच.

म्हणून रिपोर्ट हातात आला की नमुन्याची ओळ आधी वाचायची, नंतर लॅबच्या मान्यतेचा स्कोप, म्हणजे कुठल्या टेस्टना मान्यता आहे त्याची यादी, एनएबीएलच्या वेबसाइटवर उघडून ही टेस्ट त्यात आहे का ते बघायचं, कारण मान्यता टेस्टनिहाय असते, अख्ख्या लॅबला सरसकट नसते. हे फाउंड्रीवाल्यांना सांगावं लागत नाही.