रेघ मुकादम मारायचा

बांबूच्या दोन काठ्या शेंड्याला बांधायच्या, खाली फाकवायच्या, मधे तिसरी आडवी. शेंड्यावरून सुतळी, सुतळीला दगड. झाली ए-फ्रेम, रानात पाणी अडवायचे चर आखायला लागणारं पातळी काढायचं साधन. सुतळी थांबते तिथं आडव्या काठीवर खूण करायची, दोन्ही पायांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा खूण. दोन खुणांच्या बरोबर मधोमध सुतळी आली की दोन्ही पाय एका पातळीत. मराठवाड्यात छोट्या सेंद्रिय शेतावर पर्माकल्चरची, म्हणजे निसर्गाच्या घडणीवरून शेत आखायच्या पद्धतीची, कार्यशाळा असली की बहुतेकदा सुरुवात इथून होते. लातूर जिल्ह्यातल्या अशाच एका शेतावर सत्तरी ओलांडलेल्या एक आजी हे सगळं बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, “बहात्तरला असलेच चर खांदले की आम्ही. पर रेघ मुकादम मारायचा.”

पर्माकल्चर म्हणजे आपलंच जुनं, नाव तेवढं विलायती, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. पिकांच्या बाबतीत खरं आहे. कपाशीत तुरीचे पाटे, ज्वारीच्या कडेनं काटेरी करडई, म्हणजे ढोरं आत शिरत नाहीत. पेरताना तिफणीच्या चाड्यावर बियांची मूठ किती सैल सोडायची याचा वर्ग कुणी घेतला नाही; मोठ्यांच्या मागं चालता चालता हाताला कळायचं. येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, भज्जी रानात जे जे पिकतं त्याची, म्हणून ती चवीला लागते तशी लागते. सोयाबीनचं रान सलग झालं आणि भज्जीचा वाल-पावटा बाजारातून यायला लागला.

पाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. १९७२च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांवर गावंच्या गावं माती उपसत होती. बांध घातले, नाले अडवले, सुकडी खाल्ली. हात लोकांचे, पातळी मोजायचं यंत्र दुसऱ्याकडे. त्याच वर्षी मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ सुरू झालं. विद्यापीठानं पुष्कळ दिलं, पण ज्ञान यायचं ते ‘शिफारस’ म्हणून, वरून खाली.

भारी काळ्या जमिनीत समपातळीचे बांध टिकत नाहीत. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, बांध चिरतो. पावसाळ्यात पाणी तुंबतं. अशा जमिनीत ढाळीचे, म्हणजे थोडा उतार दिलेले, बांध घालावेत हे शास्त्र सांगतं. बांध घालणाऱ्या कुणबिणीला विचारलं असतं तर तिनंही सांगितलं असतं.

शिकवण्याची तऱ्हा बदलायला वेळ लागला. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ला पुदुच्चेरीत निघालं, जालन्याजवळ खरपुडीचं १९८३ला. तिथं दर महिन्याच्या ५ तारखेला शेतकऱ्यांचं चर्चासत्र भरायची रीत पडली, तिथं शेतकरी नुसता ऐकायला येत नाही. ‘शेतीशाळा’ हा शब्द तर आता सगळ्यांच्या तोंडी आहे. तिचं मूळ इंडोनेशियात: १९८९मध्ये भातावरच्या तुडतुड्यांनी बेजार झालेल्या शेतकऱ्यांना बांधावर बसवून किडी मोजायला शिकवलं, तिथून ती पद्धत जगभर गेली.

पर्माकल्चर हा शब्द ऑस्ट्रेलियाचा. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी तो १९७८च्या पुस्तकातून मांडला. पुढं ७२ तासांचा अभ्यासक्रम ठरला. मॉलिसन १९८७मध्ये भारतात शिकवून गेले आणि झहीराबादच्या बाजूला, जुन्या मेदक जिल्ह्यात, या विचाराचं काम रुजलं. उदगीरहून बिदरमार्गे झहीराबाद काही लांब नाही, आणि १९५६पर्यंत तो मुलूख आणि आपला एकाच हैदराबाद राज्यात होता. तरी माझ्या पाहण्यात इथं पर्माकल्चर आलं ते पुण्या-मुंबईहून, इंग्रजी बोलत.

इथली वाट दुसरीकडून फुटली होती. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामातून बायकांचे गट उभे राहिले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं पुढं लातूर-धाराशिवकडं एक एकराचं मॉडेल रुजवलं: घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचं, त्यात घरी खायची पिकं, भाज्या, डाळी घ्यायच्या, खत घरचंच. शिकवणारीही गावातलीच बाई. २०१७ला या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.

माझाच एक अनुभव. कार्यशाळेतून उत्साहानं आलो आणि खोल काळ्या रानात सलग समपातळी चर काढला. सप्टेंबरात पाणी आठ दिवस हललं नाही, चराखालची तूर उधळली, उभी वाळून गेली. चूक पुस्तकाची नव्हती, मी आपलं रान बघितलं नव्हतं. पुढच्या साली ए-फ्रेमची खूण दोन बोटं सरकवून घेतली, तेव्हा पाणी हळूहळू नाल्याकडं निघालं.

आजींना हे सांगितलं तर हसल्या. मग खुरपं घेऊन शेताच्या खालच्या कोपऱ्यापासून त्यांनीच रेघ ओढायला घेतली. अर्ध्यात रेघेवर टाकायची पांढरी फक्की संपली, तेव्हा चुलीतली राख मागवली.